आईचा विकलेला फोटो

प्रिय निकिता,

तुझा फोन बरेच दिवस बंद लागायलाय, म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, सृष्टीच्या हातून पाठवतोय. तुझ्या बन्सीधरकाकांनी पूर्णा स्टेशनाबाहेर रिक्षाच्या पाठीवर माझ्या आईचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून तुमच्याकडचं बोलणं थांबलं, एवढंच मला कळलंय. आपलं कुंकू लागलंय ग, सोयरीक पक्की झालीय. लग्न मोडतंय की काय, अशी धास्ती लागलीय.

तो फोटो तिथं कसा गेला ते सांगतो. मी वेबसाइटवर फोटो विकतो हे तुला ठाऊक आहे. एकदा टाकला की कुणीही विकत घ्यावा आणि जाहिरातीला वापरावा. पण खपणं लय अवघड. आधी मी माणसांना इस्त्रीचे कपडे घालून ताठ उभं करायचो, तर वेबसाइटवाल्यांचं उत्तर यायचं, माणसं खोटी वाटतात. मग चालत्या कामातले काढले, तर कंपन्या आडव्या आल्या. कुठल्याही कंपनीचं नाव नाहीतर चिन्ह दिसलं की फोटो नापास. आता तूच सांग, आमच्या पाथरीकडं नावाशिवाय काय सापडतं? बाबांच्या टोपीवर बियाण्याची कंपनी, पोत्यावर खताची, घड्याळ फवारणीच्या औषधवाल्यानं दिलेलं, आणि घराची पुढची भिंत तर सिमेंटवाल्यानं फुकटात रंगवलेली. बाबांना म्हणालो, टोपी उलटी करून घाला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आईचा फोटो मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून ती स्वतःवरच चिडून, कपाळाला हात लावून मागच्या दारात बसली होती. साधं लुगडं, मागं मातीनं लिंपलेली भिंत, नाव कुठंच नाही. परवानगीची सही करताना तिनं विचारलं होतं, कुठं लागणार रे हा? मी म्हणालो, परदेशात कुठंतरी. मला खरंच तसं वाटलं होतं. घेतला तो परभणीतल्या एका मनाच्या आजाराच्या दवाखान्यानं, आणि जाहिरात करून रिक्षांच्या पाठीवर लावला. वर मोठ्या अक्षरांत ‘वेड लपवू नका’, आणि खाली माझी आई! ही बाई रुग्ण नाही, असं त्यावर छापायचा वेबसाइटचा नियम आहे, पण ते कुणी छापलं नाही. मी तक्रार केली, दवाखान्यात जाऊन भांडून आलो. काढतो म्हणाले, अजून काढलेला नाही. गावातल्या बाया आता आईशी लहान लेकराशी बोलावं तसं हळू बोलायल्यात.

आईला काही झालेलं नाही असं डॉक्टरकडून लिहून घ्यायचं आणि बाबांना घेऊन तुमच्याकडं यायचं, असं मी ठरवलं होतं. जीपसुद्धा सांगून ठेवली. तेव्हा आई म्हणाली, “आन् मी खरंच आजारी असते तर? मग पोरगी द्यायची न्हाई, असं हाय का?” मला आधी तिचा रागच आला. एका कागदानं मिटणारी गोष्ट, ती मिटू देईना. मग जेवायला बसलो, तिनं नेहमीसारखी भाकरी वाढली, आणि माझी मलाच लाज वाटली. जीप नको म्हणून सांगितलं.

तेव्हा काकांना पटवायला मी येणार नाही. तिची तब्येत चांगली आहे, पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मला तुलाच विचारायचंय. माझ्या आईला उद्या खरंच तसा आजार झाला, तर तू या घरात राहशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. नाही चालणार, निकिता.

उत्तराची वाट बघणारा, तुझाच
परमेश्वर