किल्लीचं भोक नसलेलं कुलूप

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अखेर म्युझियम पाहून आलो. दुकानापासून दहा मिनिटांचा रस्ता, पण अण्णांनी दर वेळी काहीतरी सबब काढून जाऊ दिलं नाही आणि ते गेल्यावर मी आळस केला. किल्लीचं भोक नसलेलं ते प्रसिद्ध कुलूप काचेत ठेवलंय. पाटीवर लिहिलंय, तीनशे वर्षांपूर्वीचे. पाठीमागचा पत्रा उघडून खाली आरसा लावलाय. मी खिशातलं भिंग काढल्याबरोबर पहारेकरी माझ्या मानगुटीशी येऊन उभा राहिला, जसा काही मीच चोर.

ताई, आत तीन टिंबं आहेत. दोन वर, एक खाली. अण्णा स्वतः घडवलेल्या प्रत्येक कुलपावर ठोकायचे तीच! खरं कुलूप त्यांच्याकडे एकदा दुरुस्तीला आलं होतं म्हणतात. मग ते गेलं कुठे? दुकानाच्या पाटीवर अण्णांचं नाव आहे म्हणून लोक घराच्या किल्ल्या विश्वासाने माझ्या हाती देतात. मला झोप नाही.

तुझा,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. जुन्या कुलपात स्प्रिंगखाली गंजाचे ठिपके पडतातच. बापावर असले आळ घेताना काही वाटलं नाही? पुन्हा तिकडे फिरकू नकोस. इकडे सर्व ठीक. लहानपणचा लोभ आहे, तो पुरवून वापर.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिंबं स्प्रिंगखाली आहेत हे मी लिहिलंच नव्हतं. तुला कसं कळलं?

मी पुन्हा गेलो. कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला झुकलेत. आपला हात ओळखू येऊ नये म्हणून अण्णांनी मुद्दाम डाव्या हाताने कानस चालवली असणार. इतका कावेबाजपणा! सोमवारी तिथल्या साहेबांना सगळं सांगणार आहे. मग दुकानाच्या पाटीवरून नाव उतरवावं लागलं तरी चालेल.

धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अण्णांना डाव्या हाताने धड चहाचा कप धरता येत नव्हता. घरात डावखुरं कोण होतं, विसरलास?

मी सोळा वर्षांची होते. अण्णा बाहेर गेलेले. गंज सुटेल म्हणून मी ते कुलूप भट्टीत धरलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. अण्णा कबुली द्यायला निघाले होते, मी रडून रडून त्यांना अडवलं. मग शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून नवं घडवून घेतलं. तीन आठवडे लागले. त्यानंतर त्या इमारतीवरून जाताना ते मान खाली घालायचे. ते माझ्यामुळे.

शेवटी टिंबं मात्र त्यांनी स्वतः ठोकली. मी घाबरून विचारलं, कशाला? तर म्हणाले, कधी कुणाला कळलंच तर नाव माझं निघू दे.

एकटा जाऊ नकोस. खऱ्या कुलपाचे तुकडे माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, ते घेऊन रविवारी येते. सांगायचं ते मी सांगेन. पाटीला हात लावू नकोस.

एवढं वाचूनही लोभ उरला असेल, तर स्टेशनवर घ्यायला ये.

ताई