टबातलं पाणी

रोम, सोमवार संध्याकाळ

प्रशांतनं आज हॉटेलातला टब काठोकाठ भरला, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच कुठं आलोय, त्याची हौस. खोटं कशाला लिहू, मलाही लई बरं वाटलं. पण बाहेर आल्यावर बूच काढायला हात होईना. लातूरला एवढ्या पाण्यात धुणं झालं असतं, मग संडासाला पुरलं असतं. इथं ओतू कुठं?

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. या दुष्काळात घर त्यांच्यावर टाकून आलोय. टँकर आला की घागर घेऊन त्याच धावतात.

"तिथं नळाला पाणी येतं का गं?"

केस ओले होते माझे. तोंडातून गेलं, "येतं की आई, आठ दिवसाला."

असं का बोलले? त्यांना बरं वाटावं म्हणून, की मला?

"अगं बाई, तिथं बी तसंच हाय व्हय! मग आल्यावर चांगली डोक्यावरून न्हा. तुमच्या दोघांच्या वाट्याचं पाणी मी वापरलं न्हाई, झाकून ठेवलंय."

प्रशांत खाली जेवायला थांबलाय. टब तसाच भरलेला. पाकळ्या बाजूला सारून मी त्यात त्याचे सगळे शर्ट भिजवलेत. धुतलेलेसुद्धा.