गाठीमागचा चेहरा

आये, तू गेलीस तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आता तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मी मोठा आहे. तुला सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय, पण आज एका बाईबद्दल लिहितोय. ती बाई तू नाहीस. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे लिहिताना माझा स्वतःवरच भरवसा राहील असं वाटत नाही.

राई गावातल्या आपल्या घरातली तू मला आठवतेस ती पाठमोरीच. चुलीपुढे बसलेली, पदर डाव्या गालावरून ओढलेला, त्याचं टोक हाताने धरलेलं. जबड्यावरची ती गाठ मी चालायला लागलो तेव्हा चिंचोक्याएवढी होती म्हणे. मला कळायला लागलं तेव्हा अर्ध्या नारळाएवढी झाली होती. आमची जेवणं झाली की तू भिंतीकडे तोंड करून पेज प्यायचीस. ताईच्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा तू भांडी घासायला मागच्या दारी गेलीस ती मंडप सुटेपर्यंत आली नाहीस. घरात तुझा एकही फोटो नाही. सहावीत असताना एकदा तू डबा द्यायला शाळेत आलीस, पोरं हसली, आणि संध्याकाळी मी तुला म्हणालो, "आये, साळंत येत जाऊ नको." तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा कधी आली नाहीस. मी एवढाच वाईट असतो तर चाललं असतं. पण पुढे काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये ट्रकचं वायरिंग शिकत होतो तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तुझ्या ऑपरेशनची तारीख मिळाली. तुला मी घेऊन जायचं होतं. सकाळी तू लग्नाकार्याची साडी नेसून दारात उभी होतीस, आणि इतक्या लोकांतून तुझ्याबरोबर जायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "डॉक्टर रजेवर हायत. म्होरल्या महिन्यात बोलावलंय." तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस. तुला कळलं होतं, आये. तेव्हाही तू "बरं" एवढंच म्हणालीस आणि साडी बदलायला आत गेलीस. पुढची तारीख यायच्या आतच तुझा श्वास अडकला.

ट्रकच्या वायरिंगवरून मी मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन झालो. पंधरा-सोळा वर्षं समुद्रावर काढली. मग आफ्रिकेतल्या एका बंदरात शेजारी एक पांढरं जहाज लागलेलं दिसलं. एका ख्रिस्ती संस्थेचं होतं. आत अख्खं हॉस्पिटल. ज्यांना डॉक्टर परवडत नाही त्यांची ऑपरेशनं फुकट करायची आणि पुढच्या बंदराला जायचं. डॉक्टर, नर्सेस आपापल्या खर्चाने येतात, सकाळी प्रार्थना म्हणून कामाला लागतात. मी हिंदू, पण मला तिथे कुणी धर्म विचारला नाही, जनरेटर सांभाळता येतो का एवढंच विचारलं. धक्क्यावर पेशंटची रांग लागली होती. कितीतरी जणांनी तोंडावर फडकी घेतली होती. ज्या तऱ्हेने त्यांनी फडक्याचं टोक धरलं होतं, त्यावरून आत काय आहे ते मला न बघता कळलं. त्याच जहाजावर राहिलो.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी वॉर्डातून फोन आला की एका खाटेवरचा दिवा लागत नाही. मी गेलो. खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून पेजेसारखं काहीतरी पीत होती. डावा गाल, डावा हात, फडक्याचं टोक. मी टेस्टर लावून बघितला. वायर ठीक, बल्ब ठीक, बटण दाबलं तर दिवा लागला. त्या उजेडात ती वळली. तिने फडकं सोडलं, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. दुभाषी म्हणून त्या बंदरगावातल्या एक शिक्षिका काम करायच्या, त्या हसल्या. "म्हणतेय, फार उशीर केलास."

"दिवा आत्ता तर बिघडला," मी म्हणालो.

"तेच तर. थांबा, विचारते." त्यांनी विचारलं. बाई पुन्हा भिंतीकडे वळून पिऊ लागली. मी निघालो तेव्हा शिक्षिका दारापर्यंत आल्या. "तुम्ही तिला काय म्हणालात? तुमच्या भाषेत?" मी काही बोललोय हे मला माहीतच नव्हतं.

तिचं ऑपरेशन दिवसभर चाललं. माझी ड्यूटी नव्हती, तरी मी खाली व्होल्टेजच्या काट्यासमोर बसून राहिलो. माझ्या हातात तेवढंच होतं. बऱ्याच दिवसांनी पट्टी काढली तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशी उभा होतो. नर्सने आरसा दिला. बाईने गालाला हात लावला, मग गाठ होती तिथल्या रिकाम्या हवेत बोटं फिरवली, काही हरवल्यासारखी. आरशात तिला मी दिसलो आणि ती वळली. तो चेहरा मी आयुष्यात बघितला नव्हता, आये, पण कपाळ ताईचं होतं आणि नाक माझं. जाताना तिने शिक्षिकेकरवी मला बोलावलं, माझ्या फोनवर फोटो काढायला लावला आणि ठेव म्हणाली. घरी मुलं वाट बघतायत, असं सांगून ती उघड्या चेहऱ्याने धक्क्यावर उतरली.

यंदा सुट्टीवर आलो ते मीरा रोडला ताईकडे. राईच्या आपल्या अंगणात आता सात मजली बिल्डिंग आहे. ताई मेथी निवडत होती, मी तिला जहाजाचे फोटो दाखवत होतो. त्या बाईच्या फोटोवर तिने माझा हात धरला. तिने बोटाने तो मोठा केला, जहाज, समुद्र सगळं बाहेर गेलं, फक्त चेहरा आणि डोक्यावरचं फडकं राहिलं.

"आयेचा फोटू तुला कुठं गावला?"

"ताई, ही..."

"मी बारकी होते ना, तवा अशीच होती. गाठ यायच्या आधी." ती रडत नव्हती, हसत होती. "उन्हात काढलाय, म्हणून काळा आलाय."

तुझा तो चेहरा बघितलेलं आता तिच्याशिवाय कुणीही उरलेलं नाही. मी म्हणालो, "गावातल्या एका जुन्या माणसाकडे मिळाला."

आठवड्याभरात फोटोला फ्रेम झाली. हॉलमध्ये लावलाय, कुंकू लावलंय, चंदनाचा हार घातलाय. ताईची नातवंडं परीक्षेला जाताना पाया पडतात. आणि ती बाई जिवंत आहे, आये. शिक्षिकेचे अधूनमधून मेसेज येतात. ती बाजारात बसते, हसते, पोटभर जेवते. गेल्या सोमवारी मेसेज आला: बाकी सगळं छान, फक्त महिन्याभरापासून गळ्याभोवती काहीतरी घातल्यासारखं वाटतं, हाताला काही लागत नाही, इथल्या डॉक्टरांना काही सापडत नाही, ऑपरेशनमुळे असेल का, असं तुमच्याकरवी जहाजावरच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलंय. मी दुपारी हॉलमध्ये कुणी नसताना हार उतरवला. संध्याकाळी ताईने तो पुसून परत घातला, आणि मी शेजारी उभा राहून बघितलं.

मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. हे पत्र वाचू शकेल असं माणूस एकच आहे, ताई, आणि तिच्या हाती ते पडू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. खरं सांगितलं तर ती आजच्या आज फोटो उतरवेल. पण आये, तू दिसायला कशी होतीस हे मला आत्ता कुठे कळलंय, आणि तो फोटो उतरवायला माझा हात होत नाही.