वरचं पाकीट माझं

५ जुलै १९८७, रविवार
आजपासून रोजनिशी. कलेच्या अभ्यासकाने ठेवावी. बाबांना सांगितलं नाही. त्यांचं मत ठरलेलं आहे: सत्तावीस वर्षाचा झाला अन् दुकानात बसून पोट्ट्यांची पुस्तकं वाचून राहिला.
पोट्ट्यांची पुस्तकं! 'तेजकेतू'चे एकतीस अंक मी बटर पेपरमध्ये ठेवतो. भाड्याने द्यायच्या प्रती वेगळ्या, त्या दुकानात सुतळीला टांगलेल्या असतात. पांढुर्ण्यात कॉमिक्स वाचणारे पुष्कळ, पाहणारा मी एकटा. अंक चौदा, पान नऊ: झाडं उजवीकडे झुकलेली आणि तेजकेतूचा केप डावीकडे उडतो. दिल्लीच्या आर्टिस्टची ही चूक इथे कोणाच्या लक्षात आली?
संकल्प: यंदा स्वतः चित्र काढायचं. आजवर काढलं नाही कारण नजर तयार होत होती.

९ जुलै, गुरुवार
दुकानाची पाटी रंगवायला सौंसरचा पेंटर आला. हेमंत नाव. वय बावीस-तेवीस. ट्रकच्या मागे मोर काढतो, संत्र्याच्या पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावं लिहितो. जेवायच्या सुट्टीत डबा मांडीवर ठेवून सुतळीवरचे कॉमिक्स पाहत बसला. आयुष्यात पहिल्यांदा पाहिले म्हणे. दोन तास त्याला समजावलं. फिगर काय, शेडिंग काय, फ्रेम काय. प्रत्येक वाक्याला 'हाव भाऊ' म्हणाला. इतकं चांगलं ऐकणारा माणूस या गावात नाही. तीन अंक वाचायला दिले, फुकट.
पाटी बरी झाली आहे.

१६ जुलै, गुरुवार
हेमंत अंक परत द्यायला आला. सोबत एक कागद. तेजकेतूची मूठ काढली होती, पेन्सिलने. पाहिली. अंगठा जाड झाला असं सांगितलं. त्याने स्वतःचा अंगठा डोळ्यासमोर धरला, म्हणाला, भाऊ, माणसाचा अंगठा असाच जाडा असते. मी म्हटलं, महानायकाचा नसतो.
रात्री जेवताना माझा अंगठा पाहिला. विषय सोडला.

२ ऑगस्ट, रविवार
अंक बत्तीस आला. शेवटच्या पानावर घोषणा! वाचकांनी नवा महानायक तयार करायचा. एकच चित्र, रंगीत. ज्याचं निवडलं जाईल त्याच्या नायकावर पूर्ण कॉमिक्स निघेल, त्याचं नाव छापतील आणि तीन महिने दिल्लीला त्यांच्या स्टुडिओत काम करायला बोलावतील. नाव-पत्ता चित्राच्या मागे लिहायचा, पाकिटावर नाही. निवड निष्पक्ष व्हावी म्हणून. शेवटची तारीख १५ सप्टेंबर.
हे माझ्यासाठीच निघालं आहे. दुसऱ्या कोणासाठी असणार?
रोज सकाळी सहा ते आठ चित्र. उद्यापासून.

४ ऑगस्ट, मंगळवार
७.५० ते ८.१५. सुरुवात म्हणून ठीक.
हेमंतने घोषणा पाहिली. मी दाखवली नव्हती, अंक काउंटरवर राहिला. विचारलं, भाऊ, मी पण पाठवू का? मी म्हटलं, जरूर पाठव, अनुभव येईल. मोठ्या मनाने म्हटलं.

११ ऑगस्ट, मंगळवार
माझ्या नायकाचं नाव धूम्रवीर. चेहरा उत्तम आला. हात चौदा वेळा काढले. प्रत्येक वेळी मनगटाला केळ्याची फणी लटकवल्यासारखी दिसते. मग सुचलं: धूम्रवीर हात केपच्या आत ठेवतो. केव्हा बाहेर काढील, शत्रूला माहीत नाही. यालाच कल्पना म्हणतात.
पायांचंही तेच होत होतं. गुडघ्याखाली धूर दिला.

१८ ऑगस्ट, मंगळवार
जयश्रीबाई ड्रॉइंग शीट घ्यायला आल्या. कन्या शाळेत चित्रकला शिकवतात. मी सहज विषय काढला, समकालीन चित्रकथेतील केपचं स्थान. त्यांनी ऐकलं. मग काउंटरवर पडलेला हेमंतचा मुठीचा कागद उचलला आणि विचारलं, हे तुम्ही काढलं का?
मी सांगितलं की माझ्या मार्गदर्शनाखाली काढलं आहे. त्यांनी काढणाऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, एक पेंटर आहे, येतो-जातो. नाव सांगितलं नाही, लक्षात नव्हतं.
कागद त्या शाळेत दाखवायला घेऊन गेल्या. धूम्रवीरच्या चेहऱ्याची माझी चार अभ्यासचित्रं बाजूलाच होती.

२६ ऑगस्ट, बुधवार
काल गोटमार, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा-सावरगावची दरवर्षीची दगडफेक. मी गेलो नाही. अभ्यासकाने गर्दीत जाऊ नये, आणि मागच्या वर्षीची खूण भुवईवर आहे. हेमंत मात्र खास सौंसरहून आला आणि सावरगावच्या बाजूला कोणाच्या तरी गच्चीवर बसून दिवसभर हातच काढत होता. दगड उचलणारे, फेकणारे, चुकवणारे. वही दाखवली. सत्तर-ऐंशी हात असतील. बाबासुद्धा पाहायला उठले. म्हणाले, हा तर आपला नत्थूजी, हातावरून ओळखू येऊन राहिला.
बाबांनी माझा धूम्रवीर अजून पाहिलेला नाही. पूर्ण झाल्यावरच दाखवायचा आहे.
हेमंतला म्हटलं, इतके हात कशाला, माणसाला दोनच असतात. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

३ सप्टेंबर, गुरुवार
हेमंतने चित्र पूर्ण करून आणलं. त्याचा नायक संत्र्याच्या बागेचा राखणदार आहे. धोतर, उघडी छाती, हातात गोफण. नाव गोफणधारी. केप नाही. मी विचारलं, केप का नाही? म्हणाला, भाऊ, काट्यात अटकन ना.
चित्राबद्दल लिहायचं म्हणजे... गोफण फिरते. कागदावर फिरते. तिचा दोर दिसतो आणि दिसत नाही. खांद्यापासून बोटापर्यंत माणूस ताणलेला आहे आणि पाहताना आपलाच खांदा दुखतो.
पोटात दुखलं. दुपारची वांग्याची भाजी असावी.
म्हटलं, बरं आहे. रंग जाड झाला. त्याने सांगितलं की पेट्यांचा रंग वापरला, पोस्टर कलर महाग. मी म्हटलं, तेच म्हणतो.

४ सप्टेंबर, शुक्रवार
धूम्रवीर पूर्ण. हेमंतला दाखवला. बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, भाऊ, धूर एकदम बढिया. त्याला आणखी काही बोलता आलं नाही. भारावला होता.
दुकानातली दोन मोठी खाकी पाकिटं घेतली. दोन्हीवर पत्ता हेमंतकडून लिहून घेतला, अक्षर त्याचं बरं आहे. खळ लावून बंद केली. तिकिटं मी लावली. तो सौंसरच्या बसला निघाला, म्हणून टपालात टाकायचं काम माझ्याकडे. जाताना म्हणाला, तुमच्या हातून गेलं म्हणजे चांगलंच होईन.

५ सप्टेंबर, शनिवार, दुपारी ३
वरचं पाकीट माझं, खालचं त्याचं. मीच ठेवलं आहे.
विचार करतो आहे. धोतर नेसलेला महानायक पाहून दिल्लीवाले काय म्हणतील? हसतील. बिचाऱ्या पोराचं मन मोडेल. सौंसरचं नाव खराब होईल. पांढुर्ण्याचंही, कारण तिथून पांढुर्णा किती लांब?

त्याच दिवशी, ६.३०
टाकलं. एक.
डब्यापाशी सायकलच्या कॅरिअरवरून पाकिटं काढताना दोन्ही सटकली आणि खाली पडली. क्षणभर कोणतं कोणाचं कळेना. मग दोन्ही हातांत तोलली. एक स्पष्टपणे जड होतं. एवढा विचार घातलेलं चित्र जड लागणारच. तेच टाकलं.
दुसरं गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. चोरी म्हणता येणार नाही. फक्त थांबवलं आहे. सोमवारी टाकायचं.

१५ सप्टेंबर, मंगळवार
टाकायचं राहून गेलं. दुकानात फार गर्दी होती. आज मुदत संपली, आता टाकून उपयोग नाही.
पाकीट फोडून पाहावं असं दोनदा वाटलं. बोटं कशी जमवली, एवढंच पाहायचं होतं. पण दुसऱ्याचं पत्र मी कधी फोडत नाही. तत्त्व आहे.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
हेमंतने विचारलं, भाऊ, काई खबर? म्हटलं, दिल्लीचं काम आहे, वेळ लागतो. हल्ली त्याच्याशी बोलताना मी ड्रॉवरकडे पाठ करून बसतो.
संकल्प: धूम्रवीर निवडला गेला की स्टुडिओत हेमंतची शिफारस करायची. रंग घोटायला माणूस लागतोच.

५ नोव्हेंबर, गुरुवार
अंक पस्तीस आला. शेवटचं पान. गोफणधारी.
पूर्ण पान. खाली नाव, हेमंतचं, सौंसर, जिल्हा छिंदवाडा.

त्याच दिवशी, ४ वाजता
आता शांतपणे विचार केला. त्याचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मग चित्र दिल्लीला कसं पोचलं? एकच उत्तर. त्याने दुसरी प्रत काढून परस्पर पाठवली. म्हणजे त्याला माझ्यावर विश्वास नव्हता!
फार वाईट वाटलं. ज्याला मी फिगर शिकवली, फ्रेम शिकवली, त्याने असा संशय घ्यावा? दुपारी जेवलो नाही.
चित्रामागे नावाखाली त्याने लिहिलेले चार शब्दही छापले आहेत. लिहितो की पांढुर्ण्याच्या विनायकभाऊंनी कॉमिक्स पाहायला शिकवलं. आठ ओळींत माझं नाव एकदाच.

८ नोव्हेंबर, रविवार
हेमंत पेढे घेऊन आला. सौंसरहून थेट जामसांवलीच्या मारुतीला जाऊन, दर्शन घेऊन. पहिला पेढा बाबांना, दुसरा मला. मी दुसरी प्रत पाठवल्याबद्दल त्याला एक शब्द बोललो नाही. त्याची त्याला लाज वाटावी. वाटली नाही.
त्याला धूम्रवीरचीच काळजी. काहून नाई आला नंबर, काहून नाई छापला? त्याने त्यांना पत्र टाकलं आहे. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, तुमचं चित्र हरवलं असन तर?

१२ नोव्हेंबर, गुरुवार
दिल्लीचं उत्तर हेमंतने आणून दाखवलं. विनायक रघुनाथराव या नावाने चित्र मिळालेलं नाही.
खोटं बोलतात. मिळालं आणि दाबून ठेवलं. स्टुडिओतल्या आर्टिस्टना धूम्रवीर खुपला असणार. जळके लोक.
हेमंत माझ्यापेक्षा जास्त संतापला. टपाल कचेरीत जाऊन भांडतो म्हणाला. त्याला कसाबसा थांबवला. मग म्हणाला, भाऊ, मी सोमवारच्या गाडीने दिल्लीले जाऊन राहिलो, तुमी दुसरं काढून द्या, मी सोता साहेबाच्या हातात देतो.
काढतो. तीन दिवस पुष्कळ झाले.

१४ नोव्हेंबर, शनिवार
धूर काढून झाला. चेहरा पहिल्यासारखा येत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ठरवलं: ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याचं पाकीट फोडण्यात पाप नाही. त्याने केप कसा टाळला, हात कसे बसवले, तेवढं पाहून घ्यायचं. ड्रॉवर उघडला. पाकीट फोडलं.
आत धूम्रवीर.
किती वेळ पाहत होतो, माहीत नाही. केपचं पोतं आणि वर एक डोकं. खाली धूर. चूल पेटत नसली की होतो तसा. मागे माझं नाव, माझ्या अक्षरात.
म्हणजे त्याचं मी टाकलं. माझ्या हाताने, मला जड लागलं म्हणून.
तेवढ्यात हेमंत दारात. झाकायला वेळ मिळाला नाही. काउंटरवर चित्र, शेजारी पाकीट, त्याच्याच अक्षरातला पत्ता, तिकिटं कोरी, शिक्का नाही. जयश्रीबाई चार्ट पेपर घेत होत्या, बाबा गल्ल्यावर. हेमंतने पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, समजलं याला. बरं झालं, समजलं एकदाचं, असंही वाटलं.
तो म्हणाला, भाऊ, तुमी आपलं टाकलंच नाई? माझा नंबर लागावा म्हून?
मी तोंड उघडलं. त्याआधी तो खाली वाकला होता. भर दुकानात माझ्या पायावर डोकं. उठला तेव्हा रडत होता. जयश्रीबाई माझ्याकडे पाहत होत्या. इतकी वर्षं त्या या दुकानात येतात, माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. बाबा गल्ल्यावरून उठले. आत गेले आणि स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले.
मी चहा प्यायलो.

१६ नोव्हेंबर, सोमवार
हेमंत गेला. स्टेशनवर बाबाही आले होते. गाडी सुटताना तो दारात उभा राहून ओरडत होता, पहिलं कॉमिक्स तुमच्या नावानं अर्पण करीन. आजूबाजूच्या लोकांनी विचारलं, कोण हे? बाबांनी सगळी हकिगत सांगितली. माझ्या मुलानं असं केलं म्हणून, छाती काढून.
घरी आलो. वही काढली. लिहायला घेतलं: 'शिष्याला संधी मिळावी म्हणून मी माझं चित्र मागे ठेवलं.' खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
सगळं गाव हे खरं मानतं आहे. ही वही तर माझ्याशिवाय कोणी वाचतही नाही. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं, पण लिहवलं नाही.