न उघडलेलं दार

कोल्हापूर, भाद्रपद वद्य प्रतिपदा, संध्याकाळ

आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा एकमेकांची क्षमा मागायचा दिवस; तेव्हा या गिचमिड अक्षरालाही क्षमा असावी.

सकाळपासून शेजारीपाजारी हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणून गेले. स्पेनच्या बास्क प्रांतातून आलेला आमचा पाहुणा कौतुकानं बघत होता. ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकलेला, मग प्राध्यापक, मग आमदार. पत्रांत मी त्याला ‘पुढारीबुवा’ म्हणून चिडवतो.

तिकडे फुटीर दहशतवाद्यांच्या धमक्यांमुळे याच्यामागे कायम दोन बंदूकधारी अंगरक्षक असत, हे मी सांगताच शेजारचे चौगुले अण्णा खूश. “पावणं, म्हंजे लई मोठं पुढारी की तुमी!”

दुभाषा मीच. ऐकून तो हसला. “मोठा कसला! माझ्याच विद्यार्थ्यानं माझा घरी जायचा रस्ता मारेकऱ्यांना कळवला होता.”

हे मराठीत सांगताना माझी जीभच अडखळली. इतक्या वर्षांच्या पत्रांत अवाक्षर नाही!

तुरुंगातून सुटल्यावर तो विद्यार्थी माफी मागायला दारात आला होता. यानं खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं नाही. क्षमेवर जन्मभर व्याख्यानं देणाऱ्यानं? दार उघडलं नाही?

“तू उघडलं असतंस?” त्यानं मला विचारलं. एरवी कशालाही माझ्याकडे संस्कृत वचन तयार असतं. आज मी प्रश्न मराठीत करून अण्णांकडे ढकलला.

अण्णाच म्हणाले, “आज दिवस चांगला हाय. फोन तरी लावा की त्याला.”

“अजून नाही,” एवढंच तो बोलला.

आणि मी? सकाळी केवढ्या सढळ हातानं क्षमा वाटली! घेणाऱ्यांपैकी एकानंही माझा रस्ता कुणाला सांगितला नव्हता.