फर्नला पाणी कोण घालणार?

प्रिय रशिदाआपा,

सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यासाठी नाशिकला मुलीकडे निघाले आहे, घरात आता मी एकटीच, त्यामुळे महिना-दोन महिने घर बंद राहील. तुम्ही गेल्यापासून मी कुलूप लावून गाव सोडलंच नव्हतं. आता सोडायचं तर तुम्हाला सांगितल्याशिवाय कशी जाऊ? आणि माझ्या फर्नला पाणी कोण घालणार?

लग्न होऊन अंबाजोगाईला आले तेव्हा माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी ते रोप दिलं होतं. समोरच्या दारातून येऊन हॉलमधली कुंडी पाहिलीत आणि फळवाल्याच्या बायकोला शोभेल असंच तुम्ही विचारलंत, "फूल न्हाई, फळ न्हाई, वास बी न्हाई. ह्याला कावून पाळलंय?"

"हिरवं दिसतं म्हणून."

"मग मिरची लाव की!"

तरी मी बाहेरगावी निघाले की आमच्या घराची किल्ली तुमच्या पदराच्या गाठीत. भाजी चिरतानाही ती बांगड्यांवर आपटायची.

तो मोठा दुष्काळ आठवतो? हे सहकारी दूध संघात, आणि संघात दूधच येईना. रिकाम्या कॅनमधून हे संघाच्या बोअरचं पाणी आणायचे, थोडं तुम्हाला, थोडं आम्हाला. त्या पाण्याच्या डाळीलाही दुधाचा वास! पुढे यांना आष्टीकडच्या चारा छावणीवर पाठवलं. लेकीला बाळंतपणाला माहेरी बोलवावं, तर इथे बाळंतिणीच्या अंघोळीला पाणी कुठलं? मीच तिच्याकडे गेले. झाड काही राहत नाही, असं धरूनच चालले होते.

परत आले तर दार उघडं. तुम्ही कुंडीशी पाटावर बसून तोटीच्या तांब्याने नमाजाआधीचे हातपाय धूत, वजू करत होतात. कोपरावरून निथळलेलं पाणी सरळ मातीत. मग तुम्ही पायही कुंडीवर धरलात.

"आपा, पायसुद्धा?"

"मग? पायाचं पानी काय कडू असतंय? तुझ्या झाडाला येगळं पानी कुठून आणू?"

चूळ तेवढी तुम्ही बाहेर जाऊन टाकायचात. नमाज अदा करायला आपल्या घरी आणि वजूला माझ्या हॉलमध्ये, तेही भर उन्हाळ्यात! इतकं हिरवं ते झाड मी माझ्या हाताने कधी ठेवलं नव्हतं.

एवढं केलंत, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेलात. पुढे झाडाचं कुणाला सांगू, एवढं तरी बोलायचंत!

तुमच्या सुनेला, नसरीनला विचारायला हवं होतं. पण जीभ रेटेना. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली दिली, की तुम्ही खरंच नाही असं होणार होतं.

म्हणून काल मी स्टुलावर पाण्याची बादली ठेवली, जुन्या साडीची पट्टी पिळून तिचं एक टोक बादलीत आणि दुसरं कुंडीत सोडलं. सकाळी बादली रिकामी, कुंडी तुडुंब, आणि हॉलमधून पाणी दाराबाहेर! आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात मी पाणी सांडलं, आपा. तुम्ही असतात तर मला दारात उभं राहू दिलं नसतंत.

नसरीन फडकं घेऊन धावत आली. "काकू, नळ फुटला का?" मग बादली पाहून हसतच सुटली. "मला सांगायचं की! मी पाणी घालते. किल्ली तर आमच्याकडंच हाय."

"कुठली किल्ली?"

"अम्मीच्या पदराची. आमी गाठ सोडून कपाटात ठेवली. परत द्यायला येणार होते, पन तुमी रडाल म्हणून आले न्हाई."

मी खरंच रडले. तिने फरशी पुसली. मग म्हणाली, "पन वजू मी आमच्या घरीच करीन हां काकू. मला हापिस असतं. तांब्याभर पाणी घालीन, चालंल ना?"

चालेल, म्हटलं.

तेव्हा काळजी करू नका. गुडघा धड करून येईन आणि पुढच्या मोठ्या सुट्टीत नसरीन माहेरी गेली, की तिच्या दारातल्या कुंड्यांना मी पाणी घालीन. आमची किल्ली मात्र मी परत मागणार नाही. ती तुमच्याच घरात राहील.

तुमची,
समोरच्या दारातली शीला