बाथरूमचा उलटा पंखा

रविवार, संध्याकाळ

सापडलं एकदाचं! रोज पुसूनही बाथरूममध्ये धूळ कुठून येते आणि भिंतींची ओल का जात नाही, ते आज कळलं. यांचं ठरलेलं उत्तर होतं, "बोईसरात धूळ असणारच. आणि ओल आईच्या गरम पाण्याची." ते ऐकल्यापासून सासूबाई गुपचूप थंड पाण्याने आंघोळ करत होत्या. सकाळी त्यांचा हात बर्फासारखा लागला, तेव्हा मला समजलं. डोकंच फिरलं माझं.

स्टुलावर चढून पेटती उदबत्ती एक्झॉस्ट पंख्यासमोर धरली. धूर बाहेर जायला हवा ना? तो सरळ माझ्या तोंडावर आला! पंखाच उलटा बसवलेला. रस्त्यावरची धूळ आत घेतोय, वाफ बाहेर सोडतच नाहीये. यांना बोलावून दाखवलं. लगेच स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.

पंखा सुलटा लावला, धूर बाहेर गेला. आता भिंती सुकणार, मला खात्री आहे. मी गीझर लावला तर सासूबाई म्हणाल्या, "नको गो, आमाला थंड पाण्याची सवय हाय."

यांनीच बादली भरली. खाली बघत म्हणाले, "आई, पाणी तापलंय. ये."

गेल्या. बराच वेळ झाला, अजून आतून निवांत पाणी ओतल्याचा आवाज येतोय.